ईयोबाची पहिली दहा मुले

लहानपणी हाती येणारी पुस्तके दोन प्रकारची असतात. काही आपण वाचतो, संपवतो आणि विसरून जातो. काही मात्र अक्षरओळख होण्यापूर्वीच इतक्या वेळा कानांवर पडलेली असतात की, पुढे ती खरोखर वाचावयाची राहूनच जातात. धर्मग्रंथ बहुधा या दुसऱ्या वर्गात मोडतात. ज्या घरात ज्ञानेश्वरी नित्य लागते त्या घरातील मुलाला ज्ञानेश्वरी ठाऊक असते असे आपण म्हणतो; वस्तुतः त्याला तिचा सूर ठाऊक असतो, आणि सूर ठाऊक असल्यामुळेच अर्थाकडे वळण्याची निकड त्याला भासत नाही. आमच्या घरी बायबल लागे. नगर जिल्ह्यातील एका लहानशा गावी, पणजोबांच्या काळी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबात माझा जन्म झाला. दिवेलागणीनंतर वडील एक अध्याय वाचीत, मग पेटीवर रेव्हरंड टिळकांचे एखादे भजन होई, आणि शेवटी आई प्रार्थना करी. या क्रमात कधी खंड पडल्याचे मला स्मरत नाही. त्या वेळी माझे अर्धे लक्ष चुलीवरच्या पातेल्याकडे असे, हेही येथेच कबूल केलेले बरे.

पुढे वयाच्या पन्नाशीनंतर तो ग्रंथ पुन्हा उघडण्याचा प्रसंग मजवर आला, तेव्हा मधल्या तीस वर्षांत माझी श्रद्धा पहिल्यासारखी राहिलेली नव्हती. त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो केवळ माझा किंवा केवळ ख्रिस्ती मनुष्याचा आहे असे मला वाटत नाही, म्हणूनच तो येथे मांडावयाचे धाडस करीत आहे. ज्याची श्रद्धा डळमळली आहे अशा प्रौढ मनुष्याने आपल्या बालपणीच्या धर्मग्रंथाकडे परत जावे काय, आणि गेल्यास कोणत्या नात्याने जावे? भाविक म्हणेल, नम्र होऊन ये, शंका बाहेर ठेवून ये. बुद्धिवादी म्हणेल, खुशाल जा, पण जुने काव्य वाचावे तसे वाच. पहिल्याचे ऐकावे तर प्रामाणिकपणा सुटतो. दुसऱ्याचे ऐकावे तर ज्या घरात आपण वाढलो तेथेच तिकीट काढून पदार्थसंग्रहालय पाहावयास आल्यासारखे वाटते.

माझी श्रद्धा कोणत्याही वादात पराभूत होऊन गेली नाही. महाविद्यालयात मी तत्त्वज्ञान हा विषय घेतला. ह्यूमच्या मृत्यूनंतर १७७९ साली प्रसिद्ध झालेले त्याचे नैसर्गिक धर्माविषयीचे संवाद वाचले. ईश्वर दयाळूही आणि सर्वशक्तिमानही असेल तर जगात दुःख येते कोठून, हा एपिक्युरसच्या नावावर चालत आलेला पेच तेथे भेटला. परंतु पुस्तकांनी श्रद्धा जाते असे मला वाटत नाही; पुस्तके फार तर गेलेल्या श्रद्धेचा दाखला लिहून देतात. मला आठवतो तो शेजारच्या एका सात वर्षांच्या मुलीचा दफनविधी. उपदेशकांनी तिच्या तरुण आईला समजावले की, ईश्वर हा माळी आहे, आणि बागेतील सर्वांत सुंदर फूल तो स्वतःसाठी खुडतो. हे गृहस्थ दुष्ट नव्हते. त्यांना काहीतरी बोलणे भाग होते. त्या बाईने निमूटपणे मान हलवली. मला मात्र त्या माळ्याचा संताप आला, आणि तो पुष्कळ वर्षे टिकला. मंदिरात जाणे हळूहळू नाताळपुरते उरले. बायबल कपाटाच्या वरच्या फळीवर गेले.

चार वर्षांपूर्वी वडील निवर्तले आणि आई पुण्यास माझ्याकडे राहावयास आली. तिने आयुष्यभर परिचारिकेचे काम केले होते. जन्म आणि मृत्यू दोन्ही तिच्या हातांखालून गेलेले होते. काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ नाहीशी झाली होती. माझ्या मुलाने भ्रमणध्वनीवर ध्वनिमुद्रित बायबल लावून दिले, परंतु दोन दिवसांतच तिने ते बंद करवले. "तो बाबा दम घेत नाही," एवढेच तिचे म्हणणे. तिसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमारास तिने मला हाक मारली आणि ते जुने बायबल माझ्या हाती दिले.

आईला नाही म्हणता आले नाही. पण पहिले काही आठवडे मला दक्षिणेसाठी पोथी सांगणाऱ्या पुराणिकासारखे वाटे. क्लिफर्ड या इंग्रज तत्त्वज्ञाने १८७७ साली असे प्रतिपादन केले की, पुरेशा पुराव्यावाचून विश्वास ठेवणे हे केवळ चूक नसून नीतिदृष्ट्या गैर आहे. विल्यम जेम्सने १८९६ साली त्याला उत्तर दिले की, काही प्रश्न असे असतात की तेथे पुराव्याची वाट पाहत बसणे हाही एक निर्णयच होय. हा वाद मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. परंतु माझी अडचण दोघांच्याही कक्षेत बसत नव्हती. मी काय मानावे हा प्रश्नच नव्हता. जे मी मानीत नाही ते माझ्या तोंडून एका आंधळ्या, भाविक वृद्धेच्या कानी जात होते, आणि ती त्यावर आमेन म्हणत होती. ही फसवणूक नव्हे काय? या विवंचनेत असतानाच एके दिवशी तिने सांगितले, "उद्यापासून ईयोब घे."

ईयोबाची कथा मला पाठ होती. ऊस नावाच्या देशात ईयोब नावाचा एक सात्त्विक पुरुष राहत असे. (उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या आम्हा मुलांना तो आपल्याच बाजूचा कोणी मोठा बागाईतदार वाटे.) त्याला सात मुलगे व तीन मुली, ७००० मेंढरे, ३००० उंट, ५०० बैलजोड्या आणि ५०० गाढवी. सैतानाने त्याची परीक्षा पाहण्याची परवानगी ईश्वराकडून मिळवली. एकाच दिवसात गुरेढोरे गेली, घर कोसळून दहाही मुले दगावली. पुढे अंगभर गळवे उठली, आणि तो राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागला. तरी त्याने ईश्वराची निंदा केली नाही. शेवटी ईश्वराने त्याला सर्व काही दुपटीने परत दिले. तात्पर्य, सोशिक असावे. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात ईयोबाच्या धीराचा गौरव आहे, आणि तेव्हापासून सोशिकपणाचा पुतळा म्हणूनच तो प्रसिद्ध आहे.

मोठेपणी वाचताना पहिला धक्का बसला तो असा की, ही कथा म्हणजे ते पुस्तक नव्हेच. एकंदर ४२ अध्यायांपैकी ही गद्य कथा पहिल्या दोन अध्यायांत व शेवटच्या अध्यायाच्या अखेरच्या अकरा वचनांत संपते. मधले जवळजवळ चाळीस अध्याय काव्य आहे, आणि त्या काव्यातला ईयोब सोशिक मुळीच नाही. तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. तो ईश्वरावर अन्यायाचा आरोप ठेवतो, त्याला न्यायसभेत खेचू पाहतो, आणि आपल्या दोघांवर हात ठेवील असा पंच कोठेच नाही म्हणून हळहळतो. आमच्या घरी हे अध्याय वाचले गेले नसतील असे नाही. ते वाचले गेले होते. मी ते ऐकले नव्हते.

दुसरी गोष्ट सैतानाची. या ग्रंथात तो नरकाचा अधिपती नाही. मूळ हिब्रूत तो शब्द येथे विशेषनाम म्हणून येतच नाही. त्याचा अर्थ प्रतिपक्षी, आरोप ठेवणारा. ईश्वराच्या दरबारातील तो जणू सरकारी वकीलच होय, आणि त्याने विचारलेला प्रश्न मोठा मार्मिक आहे: ईयोब ईश्वराला भजतो ते फुकट काय? हा प्रश्न महाराष्ट्रीय वाचकाला अपरिचित नाही. वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला जाब विचारते की, ज्या धर्माला तू इतका जपलास त्याने तुला काय दिले? लहान मूल खेळण्यांशी खेळते तसा विधाता माणसांशी खेळतो, इतके कठोर बोलावयास ती कचरत नाही. युधिष्ठिर तिला उत्तर देतो की, मी फळासाठी धर्म आचरीत नाही. जो धर्मापासून लाभ काढू पाहतो तो धर्माचा व्यापारी होय. सैतानाला नेमके हेच जाणावयाचे आहे, की ईयोब भक्त आहे की व्यापारी? मात्र एक मोठा फरक आहे. महाभारतात आरोप द्रौपदीच्या तोंडी आहे आणि समाधान युधिष्ठिराच्या. ईयोबाच्या ग्रंथात द्रौपदी व युधिष्ठिर एकाच राखेत, एकाच देहात बसलेले आहेत.

त्याच्या समाचारास तीन मित्र येतात: अलीफज, बिल्दद आणि सोफर. ते सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर काही न बोलता बसून राहतात. त्यांनी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम तेच. पुढे ते बोलू लागतात आणि बिघाड होतो. त्यांचे तत्त्व सरळ आहे. ईश्वर न्यायी आहे; दुःख हे पापाचे फळ आहे; सबब तू पाप केले असलेच पाहिजेस. हा आपल्याकडील कर्मविपाकच, फक्त मागचा जन्म नाही. परंतु ईयोबाचे पाप काही केल्या सापडत नाही. तेव्हा बाविसाव्या अध्यायात अलीफज ते चक्क रचतो: तू तहानेल्याला पाणी दिले नाहीस, भुकेल्याला अन्न नाकारलेस, विधवांना रिकाम्या हाती घालवलेस. यातील एकही गोष्ट खरी नाही, हे वाचकाला पहिल्या वाक्यापासून ठाऊक असते. ईश्वराचा न्याय शाबूत राहावा म्हणून एका निरपराध मनुष्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यापर्यंत एक धार्मिक, विद्वान आणि मुळात सहृदय गृहस्थ येऊन पोहोचतो. आणि ईयोब याआधीच, तेराव्या अध्यायात, त्यांना विचारून चुकलेला असतो की, ईश्वराची बाजू घ्यावयाची म्हणून तुम्ही असत्य बोलणार काय? हे ठिकाण वाचताना मला तो माळी आणि ते फूल आठवले. ज्या गोष्टीचा मला तीस वर्षे राग होता ती याच ग्रंथात, माझ्या रागाहून अधिक स्पष्ट शब्दांत, दोषी ठरवून ठेवलेली होती. आणि मी हा ग्रंथ फळीवर ठेवून दिला होता.

याच अध्यायात एक वचन असे आहे की, त्यावर टीकाकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. तो मला मारणार, असे ईयोब म्हणतो, आणि पुढे 'लो' असा एक छोटा हिब्रू शब्द येतो. हा उच्चार दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेने लिहिला तर त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, दुसऱ्या तऱ्हेने 'त्याच्यासाठी' असा. परंपरागत हिब्रू प्रतीत मूळ ओळीत पहिले लेखन आहे आणि समासात दुसरे वाचावे अशी सूचना आहे. १६११ सालच्या इंग्रज भाषांतरकारांनी समास मानला. त्यामुळे त्यांचा ईयोब म्हणतो की, त्याने मला मारले तरी माझा भरवसा त्याच्यावरच राहील. १९५२ सालच्या अमेरिकन भाषांतराने मूळ ओळ मानली. तेथे ईयोब म्हणतो की, तो मला मारणार, मला आता आशा उरलेली नाही. भरवसा आणि निराशा यांच्यामध्ये एका अक्षराचे अंतर आहे, आणि मोठ्याने वाचले तर तेवढेही नाही. ज्या शास्त्र्यांनी हा ग्रंथ सांभाळला त्यांनी दोहोंपैकी एक खोडून टाकले नाही, दोन्ही ठेवले. श्रद्धा म्हणजे संशयाचा अभाव, असे मी तोपर्यंत धरून चाललो होतो. ही समजूत निदान त्या शास्त्र्यांची नसावी.

अखेरीस ईश्वर वावटळीतून बोलतो. त्याच्या भाषणाची माझी मोठी निराशा झाली, ती अजून पुरती गेलेली नाही. ईयोबाच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. सैतानाशी झालेल्या बोलण्याचा उल्लेख नाही. दहा मुलांचा तर नाहीच नाही. पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, हिमाची भांडारे तू पाहिलीस काय, रानबकरी केव्हा विते हे तुला ठाऊक आहे काय, असे प्रश्नामागून प्रश्न येतात. जेथे कोणी मनुष्य नाही अशा ओसाड भूमीवरही पाऊस पडतो, हे मुद्दाम सांगितले आहे. जग केवळ मनुष्याच्या पापपुण्याच्या हिशेबासाठी रचलेले नाही, असा याचा आशय असावा. तो भव्य आहे, यात शंका नाही. परंतु ज्याची मुले गेली त्याला शहामृगाचे वर्णन ऐकवणे हे माझ्या मनाला आजही पटत नाही, आणि पटल्याचा आव मी येथे आणणार नाही.

हे अध्याय चालू असताना एका संध्याकाळी मला राहवले नाही. मी पुस्तक मिटले आणि म्हणालो, "आई, एक सांगायचं आहे. तू मानतेस तसं मला आता मानता येत नाही. तरी मी तुला हे वाचून दाखवतो, ते बरोबर नाही."

ती थोडी हसली. "मला ते केव्हाच कळलंय. ईयोबाचं बोलणं तू सावकाश वाचतोस, आणि देवाचं भराभर."

मी गप्प राहिलो. थोड्या वेळाने तीच पुढे म्हणाली, "म्हणून तर तुला सांगितलं. तुझी बहीण वाचते ती मला धीर द्यायला वाचते. मला धीर नको होता. हे पुस्तक ऐकायचं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही शेवटच्या अध्यायावर आलो. त्यात ते वचन आहे, ज्याने माझ्या मते सगळा ग्रंथ उलटा होतो. ईश्वर अलीफजाला सांगतो की, माझा तुझ्यावर व तुझ्या दोघा मित्रांवर कोप झाला आहे, कारण माझा दास ईयोब जसे यथार्थ बोलला तसे तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे ज्यांनी ईश्वराची वकिली केली ते चुकले, आणि ज्याने त्याच्यावर फिर्याद केली तो यथार्थ बोलला. येथे मूळ हिब्रूत जे अव्यय आहे त्याचा अर्थ भाषांतरकार बहुधा 'माझ्याविषयी' असा करतात. परंतु त्याचा नेहमीचा अर्थ 'माझ्याकडे', 'माझ्याशी' असा आहे. हा अर्थ घेऊन सबंध ग्रंथ चाळला तर एक साधी गोष्ट दिसून येते. तिघे मित्र ईश्वराविषयी पुष्कळ बोलतात, परंतु एकदाही त्याच्याशी बोलत नाहीत. ईयोब ओरडतो, भांडतो, टोमणे मारतो, पण मधूनमधून त्याचे तोंड वर वळते आणि तो 'तू' म्हणतो. आपल्याकडे विठोबाशी भांडणाऱ्या तुकोबांना कोणी नास्तिक म्हटले नाही, त्याचे कारण हेच असावे.

त्यानंतर परतफेड येते. १४००० मेंढरे, ६००० उंट, १००० बैलजोड्या, १००० गाढवी, सगळे दुप्पट. आणि मुले? सात मुलगे आणि तीन मुली, पहिल्याइतकीच. लहानपणी रविवारच्या शाळेत याचे कारण आम्हांस सांगितले गेले होते. गुरे मेली ती संपली, म्हणून ती दुपटीने द्यावी लागली. मुले मात्र स्वर्गात आहेतच, म्हणून दहा अधिक दहा अशी तीही वीस, अर्थात् दुप्पटच झाली. महाविद्यालयात गेल्यावर मी या गणिताची मित्रांपाशी पुष्कळ थट्टा केली होती.

मी वाचून थांबलो. आई म्हणाली, "आणि ती पहिली दहा?"

मला दुसरे काही सुचेना, म्हणून तेच जुने गणित सांगू लागलो. तिने हात वर करून थांबवले. "ते मला ठाऊक आहे. मीच तुम्हांला ते शिकवलं असेल. मी विचारते ते वेगळं. ईयोबाला रात्री ती आठवत असतील का?"

आपल्याकडील हरिश्चंद्राच्या कथेत रोहिदास स्मशानात उठून बसतो. तोच रोहिदास, त्याच आईच्या मांडीवर. तेथे आसवे पुसली जातात आणि श्रोता सुखाने घरी जातो. ईयोबाच्या ग्रंथकर्त्याने तसे केले नाही. वास्तविक, मेंढरांची संख्या दुप्पट करणाऱ्याला मेलेली मुले उठवणे अवघड नव्हते. लेखणीला दोन्ही सारखेच. त्याने ती मेलेली राहू दिली. ईश्वराचे सगळे बोलणे होऊन गेल्यावर, सगळे परत मिळाल्यावरही ईयोबाच्या घरी दहा थडगी उरतात, आणि ग्रंथ त्यांविषयी एक शब्दही बोलत नाही. ही उणीव आहे की प्रामाणिकपणा आहे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ईश्वराची बाजू घेण्यासाठी असत्य बोलू नये असे ज्याने ईयोबाच्या तोंडी घातले, त्यानेही शेवटी ते बोलण्याचे नाकारले असावे, असे मला वाटते.

आईच्या प्रश्नाचे मूळ मला ठाऊक होते. पण इतक्या वर्षांत ते मनात आणण्याचे मी टाळले होते. माझ्या आधी तिला दोन मुले झाली होती. एक चार महिन्यांचा होऊन गेला, दुसरी दोन वर्षांची होऊन. मागाहून आम्ही तिघे झालो. तिला कोणी मुले किती म्हणून विचारले तर ती पाच सांगे. शिरगणतीवाल्याला पाच, रेल्वेच्या डब्यातील परक्या बाईला पाच. एकदा एका डॉक्टरांसमोर मी तिला मध्येच दुरुस्त केले, "तीन." त्या वेळी मी विशीत होतो आणि अचूकपणा हा मला सर्वांत मोठा सद्गुण वाटत असे. ती काही बोलली नाही. डॉक्टर लिहू लागले तेव्हा खालच्या आवाजात तिने पुन्हा पाच म्हटले.

आता मी तिला विचारले, "तुला कधी देवाचा राग आला नाही?"

"साठ वर्षं त्याला हेच विचारत्ये," ती म्हणाली. "पण त्यालाच विचारत्ये. दुसऱ्या कोणाला विचारून काय उपयोग?"

हे ऐकून मला पंडिता रमाबाईंची आठवण झाली. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईबाप व बहीण गेली. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण ज्या जोगिणींनी त्यांना आश्रय दिला होता त्यांच्याशीच धर्मतत्त्वांविषयी त्यांनी कडाक्याचा वाद केला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली मी दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणार नाही, अशा आशयाचे त्यांचे लिहिणे छापून प्रसिद्ध आहे. आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी केडगावी संपूर्ण बायबल मूळ हिब्रू व ग्रीकवरून मराठीत आणण्यात घालवली. एकुलती कन्या मनोरमा १९२१ साली वारली. रमाबाई १९२२ साली. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. ज्या बाईने इतके गमावले होते तिने ईयोबाचे शब्द एकेक करून मराठीत आणले. ही माणसे शंका बाहेर ठेवून ग्रंथाकडे गेली नव्हती. शंका घेऊनच गेली होती, आणि ग्रंथाने त्यांना दारातून परत पाठवले नव्हते.

असो. आरंभीच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच आहे. धर्मग्रंथ पुन्हा उघडताना श्रद्धेचे सोंग आणण्याचे कारण नाही, आणि केवळ काव्य म्हणून त्याच्यापासून चार हात दूर बसण्याचेही कारण नाही. ज्या प्रश्नाने आपल्याला त्याच्यापासून दूर नेले तोच प्रश्न घेऊन परत जावे. ग्रंथ खरोखर मोठा असेल तर तो प्रश्न तेथे आपल्याआधी कोणीतरी विचारून ठेवलेला आढळेल. याने ईश्वर आहे हे सिद्ध होत नाही. ऐकणारा आहे की नाही हे ठाऊक नसताना 'तू' कोणाला म्हणावे, ही माझी अडचण आईने सोडवली नाही, ईयोबानेही सोडवली नाही. परंतु उत्तर मिळत नाही म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही, आणि उत्तर हवे म्हणून खोटे उत्तर पत्करू नये, एवढे मी त्या ग्रंथापासून शिकलो. श्रद्धावंताला व संशयवाद्याला हे दोघांनाही सारखेच लागू आहे.

गेल्या वर्षी श्रावणात आई गेली. आमच्या बायबलाच्या दोन करारांमध्ये, पुष्कळ ख्रिस्ती घरांत असते तसे, कुटुंबातील जन्ममृत्यूंची नोंद करण्याचे एक पान आहे. वडिलांच्या नावाखाली तिची तारीख घालण्यासाठी मी ते उघडले. मुलांच्या सदरात तिच्या हस्ताक्षरात पाच नावे आहेत, एक ते पाच असे आकडे घालून. माझ्यापुढे तीन आहे. दहा अधिक दहा वीस या गणिताला मी आता हसत नाही. ते खरे आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्याने प्रथम ते मांडले त्याला मुलांची गणती कशी करावी हे ठाऊक होते, एवढे मला कळते.

संध्याकाळी मी अजून एक अध्याय मोठ्याने वाचतो. ऐकावयास कोणी नसते. ईयोबाचे बोलणे पूर्वीप्रमाणेच सावकाश वाचतो. अलीकडे ईश्वराचे बोलणेही जरा सावकाश वाचू लागलो आहे.